इग्निशन मॉड्यूल पुन्हापुन्हा का जळतं?

वास्कोहून सकाळी निघालेली जुनी गाडी चिखली, दाबोळी, सांकवाळ बिनतक्रार पार करते. झुवारी पूल ओलांडते, पणजी-म्हापसा मागे टाकते आणि कोलवाळचा पूल संपून धारगळच्या चढाला लागली की एकाएकी बंद पडते. ठसका नाही, आचका नाही, कोणी चावी फिरवून काढून घ्यावी तशी. स्टार्टर फिरतो, इंजिन काही पेट घेत नाही. अर्ध्या तासाने, मेकॅनिकला फोन लावून झाल्यावर, पहिल्या झटक्यात सुरू होते आणि पेडण्यापर्यंत शहाण्यासारखी जाते. मग गॅरेजात इग्निशन मॉड्यूल बदललं जातं. तीन-चार महिने बरे जातात आणि पुन्हा तेच.

कार्बुरेटरची मारुती 800, ओम्नी, जिप्सी किंवा मागाहून इलेक्ट्रॉनिक किट बसवलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या दारात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्या गाड्यांत सगळा कारभार संगणकाच्या पेटीकडे गेला, त्यांची गोष्ट वेगळी. माझं म्हणणं एवढंच की एकदा जळालेलं मॉड्यूल नशिबावर सोडून देता येतं. दुसऱ्यांदा जळालं तर त्याला कोणीतरी जाळतं आहे, आणि तो कोण हे कळल्याशिवाय तिसरं विकत घेणं म्हणजे दुकानदाराची सोय.

आधी यंत्रणा थोडक्यात. बॅटरीच्या 12 व्होल्टपासून प्लगला ठिणगी पडेल इतका, म्हणजे वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब कॉइल तयार करते. त्यासाठी कॉइलमधला प्रवाह नेमक्या क्षणी तोडावा लागतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेली ही पद्धत 1910 च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढची साठेक वर्षं प्रवाह तोडण्याचं काम कॉन्टॅक्ट पॉइंट करत राहिले. पॉइंट झिजत, पण हळूहळू. गाडी आधी मिसिंग मारायची, सकाळी त्रास द्यायची, मालकाला नोटीस मिळायची. 1973 मध्ये क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं आणि ती झीज गेली. डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे गॅरेजातल्या भाषेत डेल्कोमध्ये, दातेरी चाक फिरतं. त्याच्याजवळची पिकअप कॉइल इशारा देते आणि मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. झिजायला काही नाही, पण नोटीसही नाही. चालतं तोवर चालतं.

हा ट्रान्झिस्टर उष्णतेला भितो. याचा मोठा धडा फोर्ड कंपनीने घेतला. 1983 पासून तिने लाखो गाड्यांत मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर बसवलं, जिथे इंजिनची सगळी धग पोचते. गाड्या चालता चालता बंद पडू लागल्या. थंड झाल्या की सुरू होत, त्यामुळे गॅरेजात दोष सापडेना. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेलं आणि 2000 साली न्यायाधीशांनी तिथल्या सुमारे 17 लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. तोवर फोर्डने स्वतःच पुष्कळ मॉडेलांत मॉड्यूल इंजिनपासून दूर हलवलं होतं. धारगळच्या चढावर उभ्या असलेल्या गाडीचा आजार बहुतेक वेळा हाच असतो, फक्त कारणं आपल्याकडची असतात.

पहिला नियम: गाडी मेलेली असतानाच तपासा. सुरू झाल्यावर गॅरेजात नेलेली गाडी म्हणजे डॉक्टरसमोर ताप उतरलेला रोगी. म्हणून डॅशबोर्डच्या खणात चार वस्तू कायम असू द्या: एक जुना पण चांगला स्पार्क प्लग, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि रबरी मूठ असलेली पक्कड.

गाडी बंद पडली की कडेला घ्या, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला. बॉनेट उघडून आधी नाक वापरा. पेट्रोलचा वास येत असेल, कुठे ओल दिसत असेल तर ठिणगीची परीक्षा करायची नाही, गळती आधी. तसं नसेल तर एका सिलिंडरची वायर काढून जुन्या प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू जंप केबलने किंवा जाड वायरने इंजिनच्या धातूला घट्ट बांधा आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. हात, साडीचा पदर, ओढणी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. टचकन आवाज करणारी निळसर ठिणगी नियमाने पडत असेल तर इग्निशनला दोष देऊ नका. मे महिन्याच्या उन्हात पेट्रोलच्या नळीत वाफ धरते आणि गाडी अगदी याच पद्धतीने मरते आणि उठते. त्या वाफेपायी कित्येकांनी मॉड्यूलं बदलली आहेत.

वायर नुसती बोटभर लांब धरून ‘करंट मारून’ बघण्याची पद्धत पॉइंटच्या काळातली. ती सोडा. ठिणगीला वाट मिळाली नाही की दाब वाढत जातो आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन किंवा मॉड्यूल फुटतं. परीक्षाच रोग देऊन जाते.

ठिणगी नसेल तर इग्निशन चालू ठेवून कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर मीटर लावा. बॅटरीइतका किंवा अर्धा-एक व्होल्ट कमी दाब हवा. 9-10 दिसला तर दोष वायरिंगमध्ये किंवा चावीच्या स्विचमध्ये. (गाडीत बॅलास्ट रेझिस्टर असेल तर आकडा कमी असणारच, ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.) पंचवीस-तीस वर्षं त्याच स्विचवर घराच्या, देवळाच्या, कपाटाच्या चाव्यांचा जुडगा लोंबत असतो. आतले संपर्क झिजतात, तापले की दाब गिळतात. खात्री करायची असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हला फ्यूज घातलेली एक वायर तात्पुरती जोडा. गाडी लगेच सुरू झाली तर मॉड्यूल निर्दोष. इंजिन बंद करताना मात्र ती वायर काढावी लागेल, चावीचं ते ऐकणार नाही.

दाब ठीक असेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक कॉइलच्या निगेटिव्हला. स्टार्टर मारताना दिवा लुकलुकला तर मॉड्यूल आणि पिकअप दोघंही काम करताहेत, कॉइल, रोटर, कॅप आणि वायरी बघा. दिवा लुकलुकला नाही तर दोष मॉड्यूलचा किंवा पिकअपचा. आता पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मॉड्यूलच्या धातूवर दोन-तीन मिनिटं धरा. डिस्ट्रिब्युटरची कॅप भिजू देऊ नका. इंजिन तापलेलंच असताना गाडी सुरू झाली, तर उष्णतेचा आरोप सिद्ध झाला. घरी हीच परीक्षा उलट करता येते: इंजिन चालू ठेवून मॉड्यूलवर हेअर ड्रायर धरायचा. काही गाड्यांत मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या पोटात असतं, तिथे रुमाल पोचत नाही. तिथे वाट बघण्याला पर्याय नाही.

आता जाळणाऱ्याचा शोध. वास्कोत मी सगळ्यात आधी अर्थिंगकडे बघायला सांगेन, कारण खारं वारं सगळ्यात आधी तिथे पोचतं. बायणा, सडा, हेडलँड भागात रात्रभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे बोल्ट बघा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या पट्ट्या वरून शाबूत दिसतात. सोलून पाहिलं तर आतलं तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं असतं, आणि बोल्टखाली गंजाचा पापुद्रा. मॉड्यूल आपला प्रवाह याच वाटेने परत पाठवतं. वाट अडली की त्याचं काम बिघडतं. त्यातच अल्टरनेटरचा रेग्युलेटर फसला तर चार्जिंगचा दाब वाढत जातो आणि तोही शेवटी मॉड्यूलच्याच माथी. अर्थिंगची पट्टी पूर्ण तुटलेली असेल तर स्टार्टरचा प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल विनाकारण जड झाली असेल, स्टार्टर मारल्यावर गरम लागत असेल तर दुसरा पुरावा नको.

मीटर इथे डोळ्यांपेक्षा विश्वासू. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, चिमट्यावर नव्हे तर खुंटीवरच, आणि दुसरं मॉड्यूल ज्या धातूवर बसलं आहे त्याला. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पट्टी काढा. रंग, गंज खरवडून चकाकता धातू दिसेपर्यंत साफ करा, नवी पट्टी लावा, घट्ट करा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली फासा. आधी जेली आणि मग बोल्ट असा क्रम मी पाहिलेला आहे, त्याचा उपयोग नाही. वायर काळी पडली असेल तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी आपल्या हवेत दुसरा पावसाळा बघत नाही. डाग घालून श्रिंक स्लीव्ह चढवलेली जोडणी टिकते.

मग चार्जिंग. इंजिन थोडं वाढवून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. 15 च्या वर गेलं तर मॉड्यूल सोडा, बल्ब आणि बॅटरीही तुम्ही त्याच दुकानातून वारंवार आणत असाल. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टोक काढून बघणारे हात अजून आहेत. डायनामोच्या जमान्यात ते खपलं. अल्टरनेटरच्या गाडीत त्या क्षणी दाबाची अशी उसळी येते की मॉड्यूल तिथेच जायबंदी होतं आणि आठवड्याने कोणत्यातरी चढावर मरतं. तुमच्या देखत कोणी तसं करू लागला तर हात धरा.

याच जातीचं आणखी एक कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांना हटकून भोवतं. गंजलेला तळ, दारांखालच्या पट्ट्या, बॅटरीखालचा ट्रे यांना गॅरेजात वेल्डिंग होतं. बॅटरी जोडलेली, मॉड्यूल जोडलेलं, आणि वेल्डिंगचा प्रवाह बॉडीतून मनाला येईल तसा धावतो. पत्र्याचं काम करणारा आणि इलेक्ट्रिकचं काम करणारा वेगवेगळे असल्यामुळे हा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. मॉड्यूल गेल्याची तारीख आणि वेल्डिंगची तारीख शेजारी लिहून बघा. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, मॉड्यूलचा सॉकेट सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या जागेच्या अगदी जवळ लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

उष्णतेबद्दल. धातूची पाठ असलेलं मॉड्यूल ज्या जागी बसतं, तिथे मध्ये पांढऱ्या थर्मल पेस्टचा पातळ थर लागतो, उष्णता धातूत उतरावी म्हणून. घाईत कोणी ती लावतच नाही, कोणी बेअरिंगचं ग्रीस फासतो. जुनी पेस्ट पुसून, पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री करून, नवी पातळ लावा आणि स्क्रू सारखे आवळा. एक्झॉस्टवरचा पत्रा गंजून पडला असेल तर पुन्हा बसवा. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का ते बघा. मॉड्यूल बाहेरचं असेल आणि धगीत बसवलेलं असेल तर ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर घेऊन मडगार्डच्या आतल्या बाजूला, वारा लागेल तिथे हलवता येतं. वायरी त्याच जाडीच्या हव्यात, आणि प्लगच्या वायरींपासून लांब न्यायला हव्यात. मग अर्थिंगची वेगळी वायर द्यायला विसरू नका.

कॉइलची चूक किट बसवलेल्या पद्मिनीत नेहमीची. पॉइंटच्या साध्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण 3 ओहम असतो. पुष्कळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची कॉइल दीड ओहमच्या आसपास असते. 3 ओहमसाठी बनवलेल्या किटला दीड ओहमची ‘जोरदार’ कॉइल लावली की प्रवाह दुप्पट आणि किट महिन्याभराचा सोबती. किटच्या कागदावर कॉइलचा रोध लिहिलेला असतो. कागद हरवला असेल तर विकणाऱ्याला विचारा, अंदाज करू नका. आणि इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायला चावी इग्निशनवर ठेवत असाल तर ती सवय मोडा, काही किटांत तेवढ्याने कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापत राहतात.

ठिणगीच्या वाटेवरचा अडथळाही मॉड्यूलवरच उलटतो. प्लगचं अंतर झिजून वाढलेलं (मारुतीत 0.7 ते 0.8 मिमी हवं), वायरीचा रोध तुटीसारखा वाढलेला, कॅपमधला कार्बन झिजलेला. वायरी एकमेकींशी ताडून बघा, एखादीचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वर असेल तर संच बदला. शुद्ध तांब्याच्या ‘रेसिंग’ वायरी घेऊ नका. रेझिस्टन्सच्या वायरी असतात त्या कारणासाठीच, त्या नसल्या की लहरी मॉड्यूलच्या इशाऱ्यात घुसतात. वायरी काढण्याआधी त्यांवर क्रमांक घाला. मारुती 800 चा फायरिंग क्रम 1-3-2 आहे, आणि तीनच वायरी असल्या तरी त्या चुकतात.

पाऊस हा स्वतंत्र प्रकार. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. वास्कोत बंदराच्या कोळशाची काळी धूळ, डिचोली-मये भागात खनिजाच्या वाहतुकीची लाल. कॅपवर, कॉइलच्या मानेवर आणि वायरींवर तिचा थर बसतो. तो खारट ओल धरून ठेवतो आणि ठिणगीला प्लगऐवजी जवळची वाट मिळते. श्रावणातल्या झडीत रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि हात न लावता बघा. निळे तंतू नाचताना दिसतील तिथे दोष. कॅपच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, कॅप आणि रोटर दोन्ही बदला. रोटरमधून आतल्या शाफ्टला होणारी गळती डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून जोडीनेच. आणि सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनवर पाण्याचा प्रेशर पाइप मारू देऊ नका, कितीही चकचकीत दिसलं तरी.

शेवटचा संशयित सगळ्यात छुपा. गाडी जागेवर छान चालते, ॲक्सिलरेटर दाबला की तुटते. डिस्ट्रिब्युटरमधली तबकडी व्हॅक्यूमने पुढे-मागे हलते आणि तिच्यासोबत पिकअप कॉइलच्या दोन बारीक वायरी. वर्षानुवर्षं वाकून त्या इन्सुलेशनच्या आत तुटतात. पिकअपचा सॉकेट सोडवून दोन टोकांना मीटर लावा आणि व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा. आकडा उडाला, गायब झाला तर चोर सापडला. त्याच वेळी शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. बुश झिजून तो डगडगत असेल तर पिकअप आणि दात्यांमधलं अंतर प्रत्येक फेरीला बदलतं. मारुतीच्या पुष्कळ डिस्ट्रिब्युटरमध्ये ते 0.2 ते 0.4 मिमी असतं आणि पितळी फीलर गेजने मोजायचं असतं, लोखंडी गेज चुंबकाला चिकटून खोटं सांगतं. शाफ्ट डगडगत असताना नवं मॉड्यूल घालणं हा निव्वळ तोटा. सबंध डिस्ट्रिब्युटर बदला किंवा लेथवाल्याकडून बुश करून घ्या.

सुट्या भागांचं दुखणं मोठं आहे. मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, पद्मिनी त्याच्या किती आधीच गेली. वास्को, मडगाव, म्हापशात न मिळालेली वस्तू लोक बेळगावहून किंवा मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणतात. इलेक्ट्रिकचं सामान परत घेत नाहीत ही पाटी सगळीकडे सारखी. तेव्हा निदान होईपर्यंत विकत घेऊ नका. ओळखीच्या चालत्या गाडीतलं मॉड्यूल अर्ध्या तासासाठी लावून बघणं जास्त स्वस्त. नक्कल ओळखायला वजन हाताने ताडा: अस्सल मॉड्यूलची धातूची पाठ जाड असते, नकलेत ती पत्र्याची. पद्मिनीत किट बसवताना काढलेली पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा. रस्त्यात किट गेलं तर तेच घरी आणतील.

मेकॅनिककडे जाताना ‘मॉड्यूल बदला’ असं सांगून जाऊ नका. गाडी किती वेळ चालल्यावर बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, तेव्हा कॉइलवर किती व्होल्ट होते, दिवा लुकलुकला की नाही, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन त्यावरून अर्धं काम करतो. चिठ्ठी न वाचताच नवं मॉड्यूल काढू लागला तर दुसरं गॅरेज बघा.

हे सगळं मे महिन्यात करून घ्या, पहिला पाऊस यायच्या आधी. अर्थिंग, कॅप, वायरी आणि चार्जिंग एवढी चार कामं एका सकाळीत होतात. चवथीच्या आठवड्यात, माटोळीचं सामान भरून पेडणे-डिचोलीच्या घरी निघायच्या घाईत, वास्कोतला एकही ऑटो इलेक्ट्रिशियन मोकळा सापडणार नाही. तोही आपल्या गावी गेलेला असतो.